सीटीसी, पीएफ, ईएसआय : सही करण्याआधी ऐका

साताऱ्याची एमआयडीसी असो, मिरज-कुपवाड असो की किर्लोस्करवाडी, ऑफर लेटर आलं की आपण आधी आकडा बघतो. आज त्या आकड्यामागचे चार शब्द बघू.

पहिला, सीटीसी. तुम्ही कंपनीला वर्षाला कितीला पडता, तो खर्च. त्यात कंपनीचा पीएफ, कधी ग्रॅच्युइटीसुद्धा धरलेली असते. म्हणून त्याला बाराने भागून गाडीचा हप्ता ठरवू नका. सरळ विचारा, "हातात किती येणार?"

दुसरा, पीएफ. बेसिक आणि डीए मिळून 15,000 असेल, तर 12 टक्के, म्हणजे 1,800 कापतात. तेवढेच कंपनी घालते. पण त्यातले 1,250 पेन्शनकडे जातात.

तिसरा, ईएसआय. पगार 21,000 पर्यंत असेल तर तुमचे 0.75 टक्के, कंपनीचे 3.25 टक्के. यात घरच्यांचंही औषधपाणी होतं.

चौथा, प्रिन्सिपल एम्प्लॉयर. पगार ठेकेदार देतो, पण काम जिच्यासाठी करता ती ही कंपनी. ठेकेदाराने पीएफ भरला नाही, तरी तिची जबाबदारी सुटत नाही.

आणि स्लिपवर कपात दिसली म्हणजे पैसे जमा झालेच, असं नसतं. यूएएन नंबर मागून घ्या, उमंग अ‍ॅपवर पासबुक दर महिन्याला बघा. एन्ट्री नसेल तर स्लिपा जपा, आधी एचआरला विचारा, मग पीएफच्या पोर्टलवर तक्रार टाका. काम सोडल्यावर ठेकेदाराला शोधत फिरण्यापेक्षा हे सोपं.

ज्याचं जॉइनिंग जवळ आलंय, त्याला हा भाग नक्की पाठवा. भेटूया!