झारी घेताना थेंब पाहा

दुकानात झारी मागितली की दुकानदार विचारतो, "किती लिटरची देऊ?" खरे तर हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, तिच्यातून पाणी पडते कसे, हा आहे. जास्वंद, मोगरा अशी मुरलेली झाडे कुठल्याही झारीचे पाणी गोड मानून घेतात. दोन पानांवर आलेली मिरची, वांगी, टोमॅटोची रोपे मात्र तसे करीत नाहीत.

मिरचीचे बी आपण जेमतेम अर्धा सेंटीमीटर खोल टाकतो. त्यावर तांब्याने किंवा मगाने पाणी ओतले, की बी उघडे पडते आणि वाहत कुंडीच्या एका कडेला जमा होते. वरची माती दडपते, वाळल्यावर तिचा कडक पापुद्रा होतो आणि कोंब त्याखाली अडतो. उगवलेल्या रोपांचे हाल याहून वाईट. जाड धारेने ती आडवी होतात, पाने चिखलाला चिकटतात. त्यात माती सतत चिंब राहिली, तर तिच्यातल्या बुरशीमुळे देठ जमिनीलगत कुजतो आणि काल उभी असलेली रोपे आज कोलमडलेली दिसतात. पुन्हा बी टाकायचे, तर तीन-चार आठवडे गेलेले असतात आणि लावणीचा हंगाम काही आपल्यासाठी थांबत नाही.

म्हणून झारीची चाळणी आधी पाहावी. भोके पुष्कळ, बारीक आणि सारखी हवीत. स्वस्त प्लास्टिकच्या चाळणीत निम्मी भोके अर्धवट बुजलेली असतात. पितळी पत्र्याची चाळणी मिळाली, तर चार पैसे जास्त द्यावेत. चाळणीचे तोंड आकाशाकडे असेल, तर पाणी आधी वर उडते आणि मग भुरभुर पावसासारखे खाली येते. रोपांना हेच मानवते. खाली तोंड असलेली चाळणी मोठ्या झाडांसाठी ठीक. चाळणी आट्यांची, काढता येणारी हवी.

तोटी लांब असावी, ती शोभेसाठी नव्हे. बारीक भोकांतून पाणी बाहेर पडायला दाब लागतो आणि तो पाण्याच्या उंचीतून मिळतो. झारी कलली की लांब तोटीचे टोक पाण्याच्या पातळीच्या बरेच खाली जाते, म्हणून दाब वाढतो. आखूड तोटीला बारीक चाळणी लावली, तर पाणी नुसते टिपकत राहते. तोटीचे टोक भरलेल्या झारीतल्या पाण्याहून उंच आहे ना, हेही पाहावे. नाहीतर नळापासून गॅलरीपर्यंत पायच भिजतात. तोल सांभाळणाऱ्या लांब तोटीच्या झारीचे पेटंट इंग्लंडमध्ये जॉन हॉज यांनी १८८६ मध्ये घेतले. चांगल्या झारीची ठेवण आजही फारशी बदललेली नाही.

आता लिटरचे. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन, शिवाय झारीचे वेगळे. गॅलरीतल्या कुंड्यांना दीड-दोन लिटरची पुरते, अंगणाला पाच लिटरची. जस्ताच्या पत्र्याची झारी टिकते, पण जड असते. प्लास्टिकची हलकी असते, उन्हात ठेवली तर काही वर्षांत तडकते. पारदर्शक झारी घेऊ नये. आत शेवाळ धरते, त्याचे तुकडे चाळणीत अडकतात आणि झारीतले शुक्राचार्य शोधत बसावे लागते. हात घालून आतून घासता येईल एवढे तोंड हवे.

शक्य असेल तर दुकानातच पाणी भरून कोरड्या फरशीवर शिंपडून पाहावे. दुकानदार जरा चमत्कारिक नजरेने बघतो, बघू द्यावे. फरशीवर बारीक ठिपके उमटले तर झारी घ्यावी, ओघळ आले तर ठेवून द्यावी. चांगल्या झारीतूनही पहिले काही थेंब जाडच पडतात. तेव्हा धार कुंडीबाहेर सुरू करावी, एकसारखी झाली की रोपांवरून फिरवावी आणि पुन्हा बाहेर नेऊन थांबवावी.

काम झाल्यावर झारी रिकामी करून उपडी ठेवावी. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास अंडी घालतात. तणनाशकाची झारी मात्र निराळीच ठेवा आणि तिच्यावर रंगाने ठळक खूण करा. धुतली तरी उरलेला अंश रोपांना पुरतो.

चारच कुंड्या असतील, तर लिटरभराच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला तापलेल्या सुईने पंधरा-वीस भोके पाडा आणि बाटली हलके दाबत पाणी द्या. पहिल्या हंगामाला तेवढे पुरते.