गोदावरीवरील पोलादी सेतू



त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी राजमहेंद्रीस पोहोचते, तेव्हा तिचे पात्र अडीच किलोमीटरांहून अधिक रुंद झालेले असते. मद्रास-कलकत्ता लोहमार्गाच्या वाटेत हे पात्र आडवे येई. प्रवाशांना नावेने पैलतीर गाठावा लागे. 1897 साली वॉल्टन या अभियंत्याच्या देखरेखीखाली येथे पुलाचे काम सुरू झाले. काशीचा गंगेवरील पूलही त्यांनीच उभारलेला.

नदीचा तळ वाळूचा. म्हणून बांधीव विहिरी आतील वाळू उपसत, त्यांच्याच भाराने खोल उतरविण्यात आल्या. त्यांवर दगडी खांब रचून 56 गाळ्यांवर पोलादी तुळया चढविल्या. 1900 साली गाड्या धावू लागल्या आणि मद्रासचे गव्हर्नर हॅवलॉक यांचे नाव पुलास मिळाले. 1997 मध्ये शेजारी नवा कमानी पूल खुला झाल्यावर हा वृद्ध सेतू सेवामुक्त झाला.

पूल बांधणाऱ्यांचा गौरव एकदाच होतो. तो टिकतो मात्र वर्षानुवर्षे गंज खरवडून रंग चढविणाऱ्यांच्या हातांनी. ग्रंथालयाचेही तसेच आहे. आपल्या पूर्वजांनी खांब रोवले. शताब्दीचा मांडव उतरल्यावर वर्गणी भरणे, जीर्ण पोथ्यांची बांधणी करणे आणि नवा वाचक आणणे, हे काम आपलेच आहे.