जुना संगणक आणि नवी कार्यप्रणाली

(पंचायत सदस्य, शिक्षक व कार्यालयीन कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



गावोगावच्या पंचायतींत आणि शाळांत संगणक हा आज दप्तराचाच भाग झाला आहे. कर-आकारणीचा नमुना ८ असो, जन्ममृत्यूची नोंद असो वा विद्यार्थ्यांचा पट असो, बरेचसे काम ह्याच यंत्रावर चालते. यंत्राला चालविणाऱ्या मूळ आज्ञावलीस ऑपरेटिंग सिस्टिम अथवा कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज १० ह्या बहुप्रचलित प्रणालीची सर्वसाधारण देखभाल कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. साहजिकच जुन्या संगणकांवर नवी प्रणाली बसविण्याची निकड भासू लागली. हे काम अर्ध्यावर अडले, की यंत्र मोडीत काढण्याचा ठराव चटकन होतो. तो करण्यापूर्वी अडचणीचे मूळ क्रमाने कसे शोधावे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

पहिली गोष्ट दप्तराच्या रक्षणाची. प्रणाली बसविताना डिस्क कोरी केली, तर तीवरील नोंदी पुसल्या जातात. म्हणून कामास हात घालण्यापूर्वी सर्व नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. संगणक पुन्हा विकत घेता येईल. हरवलेल्या घरपट्टीच्या नोंदी बाजारात मिळणार नाहीत.

दुसरी गोष्ट यंत्राच्या कुवतीची. विंडोज ११ ला ६४-बिट प्रोसेसर, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक लागतो. इंटेलचे आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर मान्य यादीत नाहीत. काही यंत्रांत टीपीएम असूनही बायोसमध्ये बंद ठेवलेला असतो; तो प्रथम पाहावा. मात्र यंत्र अटींत बसतच नसेल, तर प्रणालीचा नकार हा बिघाड नव्हे. अटी चुकविण्याच्या युक्त्या आहेत. परंतु अशा यंत्राला पुढील सुधारणा मिळतीलच, अशी हमी कंपनी देत नाही.

तिसरी गोष्ट, काम नेमके कोठे अडते ते पाहणे. पेन ड्राइव्हवरून संगणक सुरूच होत नसेल, तर बायोसमधील प्रारंभाचा क्रम तपासावा. डिस्कवर एमबीआर मांडणी असल्याचा संदेश आला, तर यूईएफआय ही नवी प्रारंभपद्धती आणि डिस्कची जुनी मांडणी यांचा मेळ बसत नाही, असे समजावे. मांडणी बदलून जीपीटी करताना डिस्क सहसा कोरी होते, हे विसरू नये. काम दर वेळी एकाच ठिकाणी थांबत असेल, तर मूळ फाइल अपुरी उतरली असण्याचा संभव असतो. तिच्यासोबत दिलेला पडताळणी-क्रमांक जुळवावा आणि दुसरा पेन ड्राइव्ह तयार करावा. दर वेळी निराळ्या ठिकाणी थांबत असेल, तर संशय रॅमवर घ्यावा. मेमटेस्ट८६+ ही चाचणी एकेक पट्टी लावून चालवावी. डिस्क खटखट आवाज करीत असेल, तर प्रयत्न थांबवून आधी ती बदलावी. संगणकातील तारीख वारंवार मागे जात असेल, तर आतील नाण्यासारखी छोटी बॅटरी बदलावी. तारीख चुकल्यास इंटरनेटवरील सुरक्षित जोडणीही नाकारली जाते.

एवढे करूनही विंडोज ११ बसत नसेल, तरी मार्ग संपत नाही. सी-डॅकने विकसित केलेली 'बॉस' ही लिनक्सवर आधारित भारतीय प्रणाली, किंवा तत्सम हलकी प्रणाली, विचारात घेता येते. मात्र आपली नित्याची कामे, डिजिटल स्वाक्षरीचे साधन आणि प्रिंटर तीवर चालतात की नाही, हे आधी पाहावे. ३२-बिट यंत्रांचे दिवस आता सरत आले आहेत. डेबियननेही ऑगस्ट २०२५ मधील १३ व्या आवृत्तीत अशा यंत्रांसाठी बसवणीचा संच दिला नाही.

यंत्र खरोखरच निकामी ठरले, तर ते भंगारवाल्याकडे देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडेच ते सोपवावे, आणि तत्पूर्वी डिस्कवरील नोंदी कायमच्या पुसाव्यात.

शेवटी एक विनंती. प्रत्येक संगणकाची एक वही ठेवा. कोणता संदेश आला, कोणता भाग बदलला आणि कोणत्या तारखेस, हे तीत लिहा. पुढच्या वेळी दुरुस्ती करणाऱ्यास ती वाट दाखवील आणि सार्वजनिक पैशाने घेतलेले यंत्र अकाली मोडीत जाणार नाही.