तोगरीच्या वाटेने ब्रह्मदेशात

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण. बोललो तसेच ठेवले आहे, थोडे नीटनेटके करून.)



सेक्रेटरी साहेब म्हणाले, "काका, तुम्ही परदेश बघून आलात, दहा-पंधरा मिनिटं त्यावर बोला." परदेश म्हटलं की लोकांना अमेरिका, लंडन, दुबई आठवते. मी गेलो होतो ब्रह्मदेशात, म्हणजे आताच्या म्यानमारमध्ये. तेही फक्त आठ दिवस, जानेवारी २०१८ मध्ये, आमच्या मंडळींना सोबत घेऊन.

ब्रह्मदेशच का, असं तेव्हा सगळ्यांनी विचारलं. उत्तर आपल्या दुधनीच्या मार्केट यार्डातच आहे. आपल्याकडे घरात जिला कानडीत तोगरी म्हणतात ती तूर आपलं गाव चालवते. माझी सारी नोकरी डाळ मिलच्या हिशेबात गेली. ज्या वर्षी आपल्या भागात तूर कमी पडायची, त्या वर्षी मिलला मुंबई बंदरावर उतरलेला ब्रह्मदेशाचा माल घ्यावा लागायचा. बाजारात त्याला 'लेमन तूर' म्हणतात. तो माल घेताना यांगोनच्या एका दलालाशी फोनवर ओळख झाली. मूळ घराणं राजस्थानचं, पण तीन पिढ्या तिकडेच. हिंदी बोलतात, घरी बर्मी बोलतात. पंधरा वर्षं फक्त आवाजाची ओळख! मी निवृत्त झालो तेव्हा म्हणाले, "भाईसाब, अब भाव की बात खत्म, अब घर आओ."

तेव्हा जायला काही फार अवघड गेलं नाही. ई-व्हिसा घरबसल्या मिळाला. कोलकात्याहून यांगोनला विमानानं साधारण दोन तास लागतात. आपल्याला इथून मुंबई गाठायला अख्खी रात्र जाते, त्यापुढे हे काहीच नाही. घड्याळ एक तास पुढे करायचं, बस्स. बॅगेत सोलापुरी चादर, शेंगाचटणी आणि कडक भाकरी घेतली होती. विमानतळावर स्नेही, वहिनी आणि दोन नातवंडं उभी. सगळ्यांनी लुंगी नेसलेली! तिकडे तिला लोंजी म्हणतात. बायकांच्या आणि मुलांच्या गालावर चंदनासारखा पिवळसर लेप. एका झाडाची साल उगाळून तो लावतात, त्याचं नाव थनाखा. उन्हाचा त्रास होत नाही म्हणे.

यांगोन म्हणजे जुनं रंगून. रस्त्यावर एक गंमत दिसते. १९७० पासून तिथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, पण बऱ्याच गाड्यांचं स्टिअरिंगही उजवीकडेच, कारण त्या जपानहून आलेल्या जुन्या गाड्या. ओव्हरटेक करताना ड्रायव्हरला समोरचं दिसतच नाही! शहरात मोटारसायकलला बंदी आहे. गावाला गोल फेरी मारणारी एक लोकल होती, तेव्हा साधारण तीन तासांची. तीत भाजीवाल्या, पानवाल्या, शाळेची मुलं. आपल्या वाडी पॅसेंजरची आठवण झाली.

श्वेडगोन पॅगोडा बघताना डोळे दिपतात. जवळजवळ शंभर मीटर उंच, सगळा सोन्याने मढवलेला. चपलाच काय, मोजेसुद्धा बाहेर काढायचे. पॅगोड्याभोवती वारांची ठाणी आहेत. ज्या वारी तुमचा जन्म, त्या ठाण्यावर जाऊन मूर्तीला पाणी घालायचं. आणि वार सात असले तरी ठाणी आठ, कारण बुधवारचे दोन भाग करतात. दुपारनंतरचा बुधवार राहूचा. प्रत्येक वाराला एक प्राणी. आमच्या मंडळींचा जन्म सोमवारचा, आणि सोमवारचा प्राणी निघाला वाघ. मला काही आश्चर्य वाटलं नाही!

तिथून जवळच शेवटचा मुघल बादशहा बहादूरशहा जफर याची कबर आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी त्याला रंगूनला आणून ठेवलं, १८६२ मध्ये तो तिथेच गेला. कबर नेमकी कुठे हेही लोक विसरले होते, १९९१ मध्ये खोदकाम करताना ती सापडली.

तिसऱ्या दिवशी रात्रीच्या बसने मंडालेला गेलो. तिथे स्नेह्यांचे मेहुणे राहतात, तूर साफ करण्याचा त्यांचा कारखाना आहे. मंडाले म्हटलं की मराठी माणसाला लोकमान्य आठवणारच. १९०८ ते १९१४, सहा वर्षं टिळक तिथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात होते. पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहिलं ते तिथेच, १९१०-११ च्या हिवाळ्यात. १९१२ मध्ये सत्यभामाबाई इकडे वारल्या, ती बातमीही त्यांना तिथेच कळली. किल्ल्याचा बराचसा भाग आज लष्कराकडे आहे. तेव्हा परदेशी माणसाला मधल्या राजवाड्यापर्यंतच सोडायचे. आम्ही खंदकाकाठी थांबलो आणि तिथूनच हात जोडले.

मेहुण्यांनी विचारलं, "आमचा राजा तुमच्याकडे कुठे आहे?" मी म्हटलं, रत्नागिरीला. १८८५ मध्ये इंग्रजांनी थिबा राजाला याच राजवाड्यातून उचललं आणि आपल्या कोकणात नेऊन ठेवलं. १९१६ मध्ये तो तिथेच वारला, त्याची समाधीही तिथेच आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष मुद्दाम रत्नागिरीला येऊन तिथे नमस्कार करून गेले. त्यांचा राजा आमच्याकडे, आमचे टिळक त्यांच्याकडे, आणि दिल्लीचा बादशहा रंगूनला. इंग्रजांनी माणसं मोहऱ्यासारखी उचलून इकडची तिकडे ठेवली.

मंडालेत खाण्याचे हाल होतील असं वाटलं होतं, पण तिथे 'तोहू' नावाचा पदार्थ मिळाला. हरभऱ्याच्या पिठाचा, थापून वड्या पाडलेला. मंडळी म्हणाल्या, "अहो, हे तर आपलं थापीव पिठलं!" तेव्हापासून रोज तेच.

आता मुख्य गोष्ट सांगतो. एक दिवस आम्ही इरावती ओलांडून सागाइंगकडच्या खेड्यात गेलो. हा तिथला कोरडा पट्टा. पाऊस कमी, जमिनीत तूर, तीळ, भुईमूग; बांधावर चिंचा आणि ताडाची झाडं. अक्कलकोट तालुक्यातच आल्यासारखं वाटलं. तुरीची काढणी चाललेली. अंगणाला तुराट्यांचं कुंपण. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने बिनदुधाचा चहा दिला. मी सवयीने तूर मुठीत घेतली, एक दाणा दाताखाली फोडला. तो माझ्याकडे बघतच राहिला. मेहुण्यांनी सांगितलं, हे भारतातले, तुरीच्या बाजारातले.

त्याने लगेच विचारलं, "या वर्षी भारत घेणार का?"

मंडळी, ही तूर ते लोक पिकवतात, पण स्वतः फारशी खात नाहीत. जवळजवळ सगळी आपल्यासाठी. २०१५ मध्ये आपल्याकडे तूरडाळ किलोला दोनशेच्या वर गेली, तेव्हा त्यांनी पेरा वाढवला. पेरा आपणही वाढवला. मग पीक उदंड झालं आणि भाव पडला. ऑगस्ट २०१७ मध्ये आपल्या सरकारने बाहेरून येणाऱ्या तुरीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. त्यांच्या गोदामात पोती तशीच पडून राहिली. आणि त्याच जानेवारीत इथे आपल्या यार्डात काय होतं? हमीभाव ५४५० रुपये, आणि सौदे त्याच्या खाली. आपला शेतकरी मला विचारायचा, "मुनीमजी, बाहेरची तूर कधी बंद होणार?"

दोघांचा प्रश्न एकच, फक्त उलट्या बाजूने. एकाला खरं उत्तर दिलं तर दुसऱ्याच्या पोटावर पाय. मी त्या म्हाताऱ्याला तेच सांगितलं, की आमच्या गावचा शेतकरी तुमची तूर येऊ नये म्हणून देवाला हात जोडतोय. मेहुण्यांनी ते बर्मीत सांगितलं. मला वाटलं, आता उठून जाईल. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "त्याच्याकडे पाऊस कसा झाला?"

भाऊ भावाला विचारतो तसं विचारलं हो. मी आजही त्याच्याकडे शत्रू म्हणून बघू शकत नाही, आणि माझ्या गावचा शेतकरी चुकीचा आहे असंही म्हणू शकत नाही. पुढे २०२१ मध्ये दोन सरकारांचं ठरलं, पाच वर्षं दरवर्षी एक लाख टन तूर घ्यायची. पेरण्याआधी किती विकलं जाईल हे माहीत असणं, शेतकऱ्याला एवढंच हवं असतं. ते तिथल्याला मिळालं, तर इथल्यालाही मिळायला पाहिजे, असं माझं म्हणणं आहे.

परत आलो तरी यांगोनहून रोज सकाळी मोबाईलवर तुरीचा भाव येत राहिला. मला आता भावाचा काय उपयोग? पण तो आला की समजायचं, घरची माणसं बरी आहेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली, तेव्हा किती दिवस तो आलाच नाही. मग आला. २८ मार्च २०२५ ला मोठा भूकंप झाला, ७.७ तीव्रतेचा, केंद्र मंडाले-सागाइंगच्या जवळच. हजारो माणसं गेली. आम्ही ज्या जुन्या आवा पुलावरून सागाइंगला गेलो होतो, १९३४ चा तो पूल नदीत कोसळलेला टीव्हीवर बघितला. आमच्या घरात तीन दिवस कुणाला जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी निरोप आला, भाव नव्हता त्यात: "मंडाले में मकान फटा है, सब लोग ज़िंदा हैं, बाहर सो रहे हैं।" त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याचं काय झालं ते त्यांनाही अजून कळलेलं नाही.

तरुण मुलांना एवढंच सांगतो. परदेशात जा, जरूर जा, पण कुणाच्या तरी घरी जा. पॅगोडे, राजवाडे फोटोतही दिसतात. तुमच्याकडे पाऊस कसा झाला, हे विचारणारा माणूस घरी गेल्याशिवाय भेटत नाही. आणि तिकडचं कुणी आपल्याकडे आलं, तर सोसायटीतलं कुठलंही दार वाजवलं तरी उघडेल, याची मला पंचवीस वर्षांच्या अनुभवाने खात्री आहे.

स्नेह्यांना मी बोलावलंय. पुढच्या तुरीच्या हंगामात येतो म्हणालेत. आले की त्यांना यार्डात नेईन, सौद्याच्या वेळी. मग सगळ्यांनी घरी चहाला यायचं.