नाकाच्या गाभाऱ्यातला सायनस
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात झालेल्या आरोग्य व्याख्यानाचे शब्दांकन)



माझं गाव शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई. आमच्याकडं 'सोसायटी' म्हटलं की पीककर्ज देणारी विकास सोसायटीच आठवते. फ्लॅटच्या सोसायटीचा अर्थ मला पुण्यात आल्यावर कळला. आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, त्याबद्दल सर्वांचं मनापासून अभिनंदन.

सचिवांनी आधीच बजावलं होतं, "डॉक्टर, बीपी आणि शुगर नको, ते दरवर्षी होतं." म्हणून आज एका लपलेल्या सायनसबद्दल बोलतो. आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

गावाकडं माझी एक चुलती आहे. एका वर्षी कांदा काढणीच्या दिवसांत तिचं डोकं दुखायला लागलं. टाळूवर आणि डोळ्यांच्या मागं ठणका. वाकलं की वाढायचा. डोक्याला फडकं आवळून बांधायची, बाम चोळायची, मेडिकलमधून गोळी आणून घ्यायची. तिनं मला फोन केला. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर, तरी म्हणालो, "काकी, उन्हाचं आहे. पित्त झालं असेल. पाणी जास्त पी." नाक वाहत नव्हतं, सर्दी नव्हती, त्यामुळं सायनस माझ्या मनातच आला नाही. पाच-सहा आठवड्यांनी पुतण्याचा फोन आला, "काकीला दोन-दोन दिसतंय. समोर एक माणूस असला तर दोन म्हणते." तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

सीटी स्कॅन केला. बाकीचे सगळे सायनस स्वच्छ, काळेभोर दिसत होते. एकच भरलेला होता, स्फेनॉइड.

आता हा स्फेनॉइड कुठं असतो? आपल्यापैकी काहींनी निघोज आणि टाकळी हाजीच्या मधले कुकडी नदीतले रांजणखळगे पाहिले असतील. खडकात कोरलेल्या पोकळ्या. चेहऱ्याच्या हाडांतही अशा हवेच्या पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. गालात, कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे आणि सगळ्यात आत, कवटीच्या मध्यभागी, स्फेनॉइड. स्फेनॉइड या शब्दाचं मूळ ग्रीक आहे, अर्थ पाचरीसारखा. आपल्या शास्त्रीय मराठीत त्या हाडाला जतुकास्थी म्हणतात. जतुका म्हणजे वटवाघूळ. हाड बाहेर काढून बघितलं तर पंख पसरलेल्या वटवाघळासारखंच दिसतं.

नाकपुडी हे महाद्वार धरलं, तर स्फेनॉइड हा गाभारा. आणि या गाभाऱ्याचे शेजारी फार मोठे आहेत. वर पिट्युटरी ग्रंथी, तिच्या वर मेंदू. बाजूच्या भिंतीला लागून दृष्टीची नस आणि मेंदूला रक्त नेणारी कॅरॉटिड धमनी. त्याच शेजारात डोळा हलवणाऱ्या नसा. मधली भिंत कागदासारखी पातळ, काही माणसांत तर धमनीवर किंवा नसेवर एखाद्या जागी हाडच नसतं. म्हणून आतली सूज शेजाऱ्यांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. काकीच्या बाबतीत डोळा कानाकडं वळवणारी नस दबली होती.

या सायनसचं दार तळाशी नसतं, वरच्या बाजूला असतं, आणि तेही काही मिलिमीटरचं. आतल्या अस्तरावरचे सूक्ष्म तंतू स्राव वर ढकलत दारापर्यंत नेतात. दार सुजून बंद झालं की सगळं आतच साचतं. नाक वाहत नाही, म्हणून संशय येत नाही. फक्त स्फेनॉइडचा आजार असलेले रुग्णही थोडेच, सायनसच्या शंभर रुग्णांत जेमतेम दोन-तीन. साध्या एक्स-रेत तो नीट दिसत नाही. सीटी लागतो, आणि गाठ किंवा मेंदूकडं पसरल्याचा संशय असला तर एमआरआय.

काकीच्या सायनसमध्ये बुरशीचा गोळा होता. ऑपरेशन सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न, "कवटी फोडणार का रं?"

नाही. पूर्वी या भागात पोचायला डोळ्याशेजारून किंवा वरच्या ओठाखालून चीर द्यावी लागे. 1907 साली ऑस्ट्रियातल्या श्लोफर या सर्जननी पिट्युटरीची गाठ नाक बाजूला उघडून, स्फेनॉइडमधून काढली होती. पुढं इंग्लंडच्या हॅरल्ड हॉपकिन्सनी काचेच्या दांड्यांची दुर्बीण तयार केली आणि बारीक नळीतून लख्ख दिसायला लागलं. ग्रात्सच्या मेसरक्लिंगर यांनी सायनसचा स्राव ठरलेल्या वाटेनंच दाराकडं जातो हे दाखवलं. त्यातून नवा विचार आला: सायनस खरवडून काढण्यापेक्षा त्याचं दार मोकळं करा. 1985 च्या सुमारास स्टॅमबर्गर आणि केनेडी यांनी ही पद्धत जगभर पोचवली.

घरच्या माणसावर मी हत्यार चालवत नाही, म्हणून माझ्या सहकाऱ्यांनी ऑपरेशन केलं. मी शेजारी उभा राहून स्क्रीन बघत होतो. पूर्ण भूल दिली. चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकपुडीतून आत. मधला पडदा आणि वरचं मांस यांच्या फटीतून मागं मागं, साधारण सात सेंटिमीटरवर ते दार. ते खाली आणि पडद्याच्या बाजूला रुंद केलं, कारण बाहेरच्या बाजूला धमनी आणि दृष्टीची नस. आतून तपकिरी, मातकट लगदा निघाला. पोकळी सलाइननं धुतली, नमुना तपासणीला पाठवला. चेहऱ्यावर एकही टाका नाही. तिसऱ्या दिवशी काकी घरी. अशा बुरशीच्या गोळ्याला सहसा बुरशीचं औषधही लागत नाही, गोळा निघाला की काम झालं.

ऑपरेशन सोपं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. धमनीला इजा, दृष्टीला धोका, मेंदूभोवतीचं पाणी नाकात गळणं, हे धोके विरळ आहेत, पण गंभीर आहेत. म्हणून सीटी समोर ठेवून सर्जनला मोकळेपणानं विचारा. नंतर महिनाभर सलाइननं नाक धुणं, जोरात न शिंकरणं आणि तपासणीला येत राहणं, हे रुग्णाचं काम.

बुरशी म्हटल्यावर 2021 आठवतं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस आला. ती बुरशी वेगळी आणि फार आक्रमक. मधुमेह वाढलेला, त्यात स्टेरॉइड, अशा माणसांत ती नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्याकडं आणि मेंदूकडं जायची. त्या मे महिन्यात केंद्रानं राज्यांना या आजाराची प्रत्येक नोंद कळवायला सांगितलं. ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव फिरले. पण नुसतं इंजेक्शन पुरत नव्हतं, सडलेला भाग दुर्बिणीतून काढावाच लागायचा. गालाला बधिरपणा किंवा डोळ्याला सूज आल्याबरोबर जे आले, त्यांतले पुष्कळ वाचले. थांबलेल्यांपैकी काहींचा डोळा गेला, काहींचा जीव.

म्हणून घरी जाताना एवढं लक्षात ठेवा. टाळूवर, डोक्याच्या मागं किंवा डोळ्यांच्या मागं दुखतंय, गोळीनं थांबत नाही, रात्री झोपेतून उठवतं, तर दोन आठवड्यांच्या पुढं घरी थांबू नका. त्यासोबत दोन दिसायला लागलं, नजर अंधुक झाली, पापणी पडली किंवा ताप येऊन मान आखडली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि माझ्यासारखा घरातला डॉक्टर फोनवर "पित्त असेल" म्हणाला, तरी त्याला म्हणा, "आधी तपास, मग बोल."

काकीचं डोकं आठवड्यात थांबलं. दोन दिसणं जायला मात्र दीड महिना लागला. पुढच्या वेळी येमाईच्या दर्शनाला गेलो तेव्हा ती देवळाच्या पायरीवर भेटली. म्हणाली, "आता देवी एकच दिसती बाबा. पण फोनवर तुझं ऐकणार न्हाई." मी मान खाली घातली. काकीचं बरोबरच होतं.