मोहनिद्रा : शक्ति कोणाची ?

आमच्या देवळ्यास माझ्या दूरच्या नात्यांतील एक वहिनी राहतात. पोटाच्या तक्रारीनें त्या कित्येक वर्षें त्रस्त होत्या. मुरडा केव्हां उठेल याचा नेम नसल्यामुळें त्यांनीं एस. टी.चा प्रवास सोडला होता, आणि माहेर अवघ्या दोन तासांच्या वाटेवर असूनहि भाऊबीजेला भावांनाच देवळ्यास यावें लागे. एके दिवशीं त्यांनीं एक हस्तपत्रक आणून माझ्यापुढें ठेवलें. त्यावर संमोहनानें बऱ्या होणाऱ्या व्याधींची यादी होती : दारूचें व्यसन, मधुमेह, परीक्षेची भीति, पोटाचे विकार, आणि शेवटीं गतजन्माचें दर्शन ! "भाऊजी, तुम्ही वाचणारे, यांत खरें किती आणि सोंग किती तें सांगा," असें त्या म्हणाल्या. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त मास्तर. वैद्यकांत बोलण्याचा मला अधिकार नाहीं. तरी पुस्तकें उघडलीं, जाणत्या डॉक्टरांना विचारलें, आणि जें पदरीं पडलें तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

संमोहन म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें जत्रेंतील जादूगार उभा राहतो. त्याची ती रोखलेली नजर, हवेंत फिरणारे हात, आणि पुढ्यांत लाकडासारखा ताठ झालेला पोरगा. शक्ति सारी जादूगाराची, पोरगा बिचारा नुसतें बाहुलें, अशी आपली समजूत असते. अठराव्या शतकांत युरोपांतहि हीच समजूत होती. व्हिएन्नाहून पॅरिसला आलेला मेस्मर नांवाचा वैद्य सांगे कीं, एक अदृश्य चुंबकीय द्रव आपण रोग्याच्या देहांत खेळवितों व त्यानें रोग हटतो. १७८४ सालीं फ्रान्सच्या राजानें याच्या चौकशीसाठीं विद्वानांची समिति नेमली. तींत बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. बागेंतलें एक झाड मेस्मरच्या शिष्याकडून 'भारून' घेण्यांत आलें, आणि एका बारा वर्षांच्या मुलाला डोळ्यांवर पट्टी बांधून झाडामागून झाडापाशीं नेण्यांत आलें. मुलगा चौथ्या झाडाखालीं मूर्च्छित पडला; आणि भारलेलें झाड तर पलीकडे निमूट उभें होतें ! द्रव वगैरे कांहीं नाहीं, हा कल्पनेचा खेळ आहे, असा निकाल समितीनें दिला. निकाल बरोबर होता. पण नुसत्या कल्पनेनें धडधाकट मुलगा कोसळतो, तर ही कल्पना म्हणजे आहे तरी काय, हें विचारावयास समिति फारशी थांबली नाहीं.

तें विचारणारा माणूस आपला शेजारी निघाला, याचें मला मोठें कौतुक वाटतें. गोव्यांत बार्देशांतील कांदोळी या गांवीं १७५६ सालीं जोझे कुस्तोदियु फारीया यांचा जन्म झाला. पंधराव्या वर्षीं ते वडिलांबरोबर लिस्बनला गेले, पुढें रोमला शिकले आणि १७८० सालीं पाद्री झाले. त्यांच्याविषयीं गोव्यांत एक आख्यायिका सांगतात. लिस्बनला राणीसमोर प्रवचन करावयास ते उभे राहिले आणि समोरचा दरबार पाहून त्यांची वाचाच बसली. तेव्हां जवळच असलेले वडील हळूच कोंकणींत म्हणाले, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी !" ही सारी भाजी आहे, चीर खुशाल. एवढें कानीं पडतांच मुलाची भीति गेली आणि प्रवचन धडाक्यानें पार पडलें. खरें-खोटें देव जाणे. पण तीन-चार शब्दांनीं माणसाचें अंतरंग असें पालटतें कसें, हा प्रश्न फारीयांना जन्मभर पुरला, एवढें मात्र खरें.

१७८७ सालच्या पिंटोंच्या बंडाशीं, म्हणजे गोव्यांतील पोर्तुगीज सत्तेविरुद्धच्या कटाशीं, या पितापुत्रांचें नांव जोडलें गेलें आणि फारीया फ्रान्सला गेले. १८१३ नंतर पॅरिसमध्यें त्यांनीं जाहीर प्रयोग आरंभिले. रीत अगदीं साधी. माणसाला खुर्चीवर स्वस्थ बसवावयाचें, डोळे मिटून झोपेचा विचार करावयास सांगावयाचें, आणि मग खणखणीत आवाजांत एकच आज्ञा : "झोपा !" हातवारे नाहींत, चुंबक नाहीं, द्रव नाहीं. त्यांचें म्हणणें असें कीं, माझ्यापाशीं कसलीहि शक्ति नाहीं. जें घडतें तें झोपणाऱ्याच्या मनांत, त्याच्या एकाग्रतेनें घडतें. प्रयोग करणाऱ्यानेंच भर सभेंत असें सांगावें, यास केवढा प्रामाणिकपणा हवा ! त्याचें फळ त्यांना थट्टेच्या रूपानें मिळालें. १८१६ सालीं पॅरिसच्या रंगभूमीवर या वेडाची टर उडविणारें प्रहसन आलें, आणि लोक हंसून मोकळे झाले. १८१९ सालीं त्यांचा ग्रंथ निघाला. त्याच वर्षीं ते वारले. आज पणजीस जुन्या सचिवालयाशेजारीं त्यांचा पुतळा आहे. मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनीं घडविलेला तो पुतळा १९४५ सालीं उभा राहिला. जाणारे-येणारे त्याला जादूगारच समजतात. पुतळ्याचे उगारलेले हात पाहतां त्यांना तरी दोष कसा द्यावा ?

आजचें शास्त्र या बाबतींत मेस्मरच्या नव्हे, फारीयांच्याच बाजूला आहे. मुळांत मोहनिद्रा हें नांवच फसवें. त्या अवस्थेंत मेंदूचे विद्युत्-आलेख काढले तर ते झोपलेल्या नव्हे, जाग्या माणसाचे दिसतात. तो माणूस ऐकतो, उत्तर देतो, नकोसें झालें तर उठूनहि जातो. होतें तें इतकेंच कीं, एरवीं दहा वाटांनीं धांवणारें लक्ष एका ठिकाणीं गोळा होतें, शंका काढणारें मन जरा बाजूस सरतें, आणि त्या वेळीं केलेली सूचना खोल उतरते. कादंबरींत रंगलेल्याला शेजारीं दूध उतूं गेल्याचा वास येत नाहीं, तें याच घराण्यांतलें. मात्र सर्वांची जात एक नाहीं : कांहीं जण सहज या अवस्थेंत जातात, बहुतेक जण बेताचे, आणि कांहींवर काडीइतकाहि परिणाम होत नाहीं. १९९७ सालीं कॅनडांतील मॉन्ट्रियल येथील संशोधकांनीं मोहनिद्रेंतील माणसांचे हात चटके बसण्याइतक्या ऊन पाण्यांत ठेवविले आणि त्यांना हा त्रास कमी किंवा अधिक वाटेल अशा सूचना केल्या. मेंदूच्या चित्रांत असें दिसलें कीं, चटका ओळखणारा भाग जवळजवळ तसाच काम करीत होता. त्या चटक्याचा जाच मानणारा भाग तेवढा सूचनेप्रमाणें बदलला.

येथें मला माझ्याच हातून घडलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझ्या वर्गांत एक मुलगा पाठ म्हणावयास उभा राहिला कीं अडखळे. तपासणीच्या दिवशीं तो अगदींच गप्प झाला. साहेब गेल्यावर मीं संतापून म्हटलें, "तुझ्या जिभेला गांठ आहे. चार माणसांत तूं कधीं बोलणार नाहींस." पुढें वर्षभर त्यानें वर्गांत तोंड उघडलें नाहीं. फारीयांच्या वडिलांनीं चार शब्दांनीं जीभ सोडविली, मीं तितक्याच शब्दांनीं बांधली. मुलाचें सारें लक्ष माझ्याकडे, त्याच्या लेखीं माझा शब्द प्रमाण, आणि मन भीतीनें मऊ झालेलें : मोहनिद्रेला याहून निराळी सामुग्री लागत नाहीं. तो मुलगा नंतर गांव सोडून गेला. हें सारें मीं वाचलें तें निवृत्तीनंतर.

असो. वहिनींच्या यादीकडे वळूं. वेदना, भाजलेल्या जखमेची पट्टी बदलतांनाचें दुःख, दांत काढण्याचें किंवा शस्त्रक्रियेचें भय, प्रसंगविशेषीं वाटणारी धास्ती, यांत या उपचाराचा उपयोग अनेकांना होतो. क्लोरोफॉर्म येण्यापूर्वीं, १८४५ पासून, बंगालमधील हुगळीस एस्डेल नांवाच्या सर्जननें याच्या आधारानें मोठमोठ्या शस्त्रक्रिया केल्या होत्या. पोटाच्या विकारांपैकीं एकाविषयीं तर चांगला पुरावा आहे. आतड्यांत दिसण्यासारखा बिघाड नसतां मुरडा, गुबारा व शौचाची अनियमितता वर्षानुवर्षें छळते, त्यास डॉक्टर आय. बी. एस. म्हणतात. १९८४ सालीं इंग्लंडांत मँचेस्टर येथें अशा ३० हट्टी रोग्यांवर प्रयोग झाला व मोहनिद्रेचा उपचार घेतलेल्यांना स्पष्ट गुण आला. बिडी-सिगारेट सोडविण्याच्या बाबतींत पुरावा डळमळीत आहे. मधुमेह यानें बरा होत नाहीं. आणि त्यासाठीं कोणी चालू औषध बंद करावयास सांगेल तर तो घात समजावा. ज्यांना भास होतात अशा मनोरुग्णांवर हा प्रयोग तज्ज्ञांवांचून करूं नये. गतजन्माविषयीं एवढेंच सांगतों कीं, या अवस्थेंत मन सूचनेबरहुकूम आठवणी रचतें आणि त्या रचलेल्या आठवणी खऱ्या इतक्याच ठाम वाटतात. न घडलेल्या गोष्टी आठवून माणसांनीं आप्तेष्टांवर आळ घेतल्याचीं उदाहरणें पाश्चात्त्य देशांत झालीं आहेत.

हस्तपत्रक मीं वहिनींना परत दिलें, आणि आधीं पोटाच्या डॉक्टरांकडे पाठविलें. कारण मुरड्यामागें दुसरें कांहीं दडलेलें नाहीं ही खात्री प्रथम व्हावयास हवी. तपासण्या निर्मळ निघाल्या, औषधांनीं फारसा फरक पडला नाहीं, तेव्हां त्या डॉक्टरांनींच नाशिकच्या एका मनोविकारतज्ज्ञाचें नांव सुचविलें. तेथें जाण्याचा पहिला प्रवास सर्वांत कठीण. वाटेंत दोनदां गाडी थांबवावी लागली. आतां त्या रोज दुपारीं दार लोटून अर्धा तास शिकविल्याप्रमाणें पडून राहतात, आणि नातवंडांनाहि त्या वेळीं ओट्यावर गलका करावयाची बंदी आहे. मुरडा अजून अधूनमधून उठतो. पण गेल्या भाऊबीजेला त्या एस. टी.नें माहेरीं गेल्या.