पहिली वारी आणि आताची वारी
(शताब्दी सोहळ्यातील भाषण)



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. सकाळपासून जो तो माईकवर येऊन एकच सांगतो, पहिली वारी आता राहिली नाही. टँकर आला, दवाखान्याची गाडी आली अन् वारीतला राम गेला. मी चौथी शिकलेला शेतकरी माणूस. मोठ्यांना उत्तर द्यायची माझी पायरी नाही. पण समोर पोरंसोरं बसली आहेत. त्यांना वाटेल, आपण उशिरा जन्मलो. म्हणून दोन शब्द बोलतो.

पहिली वारी कशी होती हे सांगितलं कोणी? जे परत आले त्यांनी. जे वाटेत गेले, ते सांगायला आलेच नाहीत. पंढरपुरात यात्रा भरली की पटकीची भीती. लाखो माणसं, प्यायला अन् आंघोळीला तीच चंद्रभागा. उलट्या-ढाळ लागले की धडधाकट माणूस एका दिवसात जायचा. माझी आजी सांगायची, वारीला निघणारा माणूस घरच्यांचा निरोप असा घ्यायचा, की पुन्हा भेट होईल न होईल. पुढं यात्रेकरूंना लस टोचू लागले, पिण्याचं पाणी शुद्ध होऊ लागलं, तेव्हा ती भीती कमी झाली.

देवीच्या रोगातून आपला देश १९७७ साली सुटला. नारूतून २००० साली. ज्याच्या पायातून नारू निघतो, तो पंढरीपर्यंत चालेल कसा? स्वातंत्र्याच्या वेळी आपल्याकडं माणसाचं सरासरी आयुष्य बत्तीस वर्षांच्या आसपास होतं, कारण लेकरंच फार दगावत. आज ते सत्तरच्या घरात आहे. इथं बसलेल्या किती आज्या नातवंडं मांडीवर घेऊन बसल्यात, बघा.

दुसरी गोष्ट. आपली दिंडी निघाली, तेव्हा पांडुरंगाचं मंदिर सगळ्यांना उघडं नव्हतं. चोखोबांची समाधी महाद्वारापुढं, पण त्यांच्या लोकांना आत मज्जाव. आपल्या खान्देशात अमळनेरला मास्तर असलेले साने गुरुजी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषणाला बसले. १० मे ला उपोषण सुटलं, मंदिर खुलं करायचं ठरलं. तोवर पायरीवरून जे माघारी फिरले, त्यांना ते दिवस सोन्याचे कसे वाटावेत?

मग पहिलं काहीच चांगलं नव्हतं का? होतं की. म्हाताऱ्यांना ढीगभर अभंग तोंडपाठ होते, आपल्याला मोबाईल उघडावा लागतो. विहिरीला पाणी वर होतं. आता रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात बोअर खाली खाली चाललेत. हे गेलं ते दवाखान्याच्या गाडीनं नेलं नाही, मायबाप. पाठांतर आपण सोडलं, पाणी आपण उपसलं.

अन् जे चांगलं झालं, तेही आपोआप झालं नाही. कोणी गावोगाव टोचत फिरलं, कोणी दहा दिवस उपाशी राहिलं.

म्हणून माझं मागणं एवढंच. टँकर राहू द्या, गाडी राहू द्या. पण दरसाल प्रत्येकानं दोन नवे अभंग पाठ करावेत, अन् मुक्काम उठताना ते रान होतं त्याहून स्वच्छ करून सोडावं. आणखी शंभर वर्षांनी इथं दुसरं कोणी उभं राहील. त्याला आपलं नाव काढायला काहीतरी असू द्या.

रामकृष्ण हरी.